ताईला दहा की वीस

९ जानेवारी

ताई आज न सांगता पार्लरमध्ये आली. पहिल्या खुर्चीत बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "ठमे, हा काळा काढून टाक."

"कुठला काळा?"

"माझ्या डोक्यावरचा. तुला आणखी कुठला दिसतोय?"

माझ्या या मोठ्या बहिणीच्या केसांना मी कित्येक वर्षं दर महिन्याला काळा रंग लावते आहे. मुळात ते किती पांढरे आहेत हे जगात फक्त मला माहीत. तिच्या नवऱ्यालाही शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणजे कळलंय असं त्या बिचाऱ्याने कधी दाखवलं नाही. त्यामुळे मी नुसती बघत राहिले. मग तिने खरी बातमी सांगितली. ती मुलाकडे राहायला जाणार आहे, कायमची. विमानानेच जावं लागेल इतकं लांब. भाच्याने तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे, सून रोज विचारते. आणि इथे तीन खोल्यांत एकटीने भिंतींशी किती बोलायचं?

"मग त्यात केसांचं काय?"

"तिकडे दर महिन्याला कोण करणार काळे? कुणाच्या हातात डोकं देऊ? त्यापेक्षा इथूनच पांढरी होऊन जाते, एकदाची कटकट मिटेल. केस झाले की तिकीट काढायचं, असं सांगून टाकलंय त्याला."

मी "बरं" म्हटलं आणि तिचे केस मोकळे करून बघायला लागले. हाताला काहीतरी काम हवं होतं.

घरी आल्यावर विचार करत बसले. इतक्या वर्षांचा थरावर थर साचलेला काळा उतरवायचा, तोही केस शाबूत ठेवून. ब्लीचची पावडर काय, कुठलीही घ्या. खरा प्रश्न तिच्यात कालवायच्या डेव्हलपरचा, म्हणजे पेरॉक्साइड किती ताकदीचं घ्यायचं त्याचा. दहा, वीस, तीस की चाळीस? बाई म्हणायच्या, दहा दारावर टकटक करतं, वीस आत येऊन बसतं, तीस घरातलं सामान हलवायला लागतं आणि चाळीस दारच मोडून आत शिरतं. त्याला टाळूजवळ फिरकू द्यायचं नाही.

बाई म्हणजे आमच्या गुरू. त्यांच्या जिन्यावरच्या चिंचोळ्या पार्लरमध्ये आम्ही दोघी बहिणी शिकलो. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि एक आरसा. त्या आरशात सगळ्याच थोड्या जाड दिसायच्या, म्हणून गिऱ्हाइकं बाहेर पडली की खूश असायची. आम्ही माणसांनासुद्धा नंबर द्यायचो. रागीट गिऱ्हाईक आलं की ताई माझ्या कानाशी पुटपुटायची, "चाळीस. सांभाळून." भावजींना पहिल्यांदा बघून आली तेव्हा मी विचारलं, कसे आहेत? म्हणाली, "दहा. रंग बसवतील, पण आधीचा उचलणार काही नाहीत." मग त्याच दहाशी लग्न करून सुखाने संसार केला. मला मात्र ती तीस म्हणायची, आणि घाई झाली की चाळीस.

१२ जानेवारी

कानामागची एक बट घेऊन चाचणी केली. अर्धीला दहा, अर्धीला वीस. वीसची अर्धी छान गाजरी रंगावर आली, आणि ओली ताणून पाहिली तर तुटली नाही की रबरासारखी लांबली नाही. दहाची अर्धी विटकरी होऊन तिथेच बसली.

माझ्याकडे दुसऱ्या खुर्चीवर जी काम करते तिला आम्ही सगळे दोन नंबर म्हणतो. तिनेही आता ते नाव स्वीकारलं आहे. ती बट बघून म्हणाली, "वीसने मस्त होतंय. दोन बैठकांत पांढरं, तिसरीला टोनर लावून मोकळ्या."

मी दहा ठरवलं. वय झालं आहे, केस नाजूक असतात.

"ताईंचे केस नाजूक?" दोन नंबर म्हणाली. "त्यांनी बंद पडलेली गाडी ओढता येईल."

काही लोकांना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय असते.

२० जानेवारी

पहिली बैठक. सोमवारी पार्लर बंद असतं, म्हणून ताईला मुद्दाम आजच बोलावलं. आम्ही दोघीच. फॉइलचे तुकडे कापून ती मला हातात देत होती, अगदी पूर्वीसारखे, एक कड दुमडून. मला आठवलं की ही सवय मी तिच्याकडूनच उचलली आहे आणि आता मी ती दोन नंबरला माझी म्हणून शिकवते.

दहा सावकाश चालतं, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ मिळतो. बाईंच्या हिरव्या केसांचा विषय निघाला. बाईंनी एकदा हौसेने स्वतःचे केस पिवळ्यापर्यंत नेले आणि वर राखाडी करायचं काम आमच्यावर सोपवलं. पिवळा मारायला जांभळा टोनर लागतो. आमच्यातल्या कुणीतरी निळा कालवला. पिवळ्यावर निळा पडला की काय होतं ते चित्रकलेच्या तासाला झोपा काढणाऱ्या मुलालाही माहीत असतं. बाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. आता मला कुंडीत लावा आणि खिडकीत ठेवा."

"निळा तू कालवलास," ताई म्हणाली.

"तू कालवलास. मी नुसती वाटी धरली होती."

"वाटी धरणारीला बघता येत नव्हतं?"

इतकं हसलो की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला ते पुसावं लागलं, तिच्या हातात फॉइल होत्या ना. बेसिनवर डोकं टेकवून ती डोळे मिटून पडली. मधेच म्हणाली, "टाळूला मुंगीसुद्धा चावली नाही हं." मी म्हटलं, चांगलंच की. लाल-तपकिरी निघाले. ठरल्यापेक्षा कमी, पण सुरुवात आहे.

दरमहा ती तासभर यायची आणि रंग लावून जायची. एवढी निवांत दुपार शेवटची कधी मिळाली होती ते आठवत नाही.

२९ जानेवारी

भाच्याचा फोन. "मावशी, आईचे केस कितपत आले?"

मी सांगितलं, घाई करून चालत नाही, काळा हट्टी असतो.

"तिच्यासारखाच," तो म्हणाला. गुणी मुलगा आहे. त्याने खोलीच्या खिडकीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ विचारलं. मी म्हटलं, तिलाच विचार. फोन ठेवल्यावर उगाच चिडले होते. कुणावर ते कळलं नाही.

१० फेब्रुवारी

दुसरी बैठक, आणि मी चक्रावले आहे. गेल्या वेळी लाल-तपकिरी सोडलेले केस आज चक्क काळपट. मुळाशी पांढरं नखभर तरी दिसायला हवं होतं, कारण जानेवारीपासून मी तिथे काळा लावलेला नाही. तेही मळकट करडं. वाढत्या वयात पांढरे केस पुन्हा काळे होतात असं कधी ऐकलं नाही. तसं असतं तर मी उपाशी मेले असते.

धुताना बेसिनमध्ये काळं पाणी गेलं. ताई डोळे मिटून अगदी शांत पडली होती.

"तुझ्या घरचं पाणी कसं आहे गं?" मी विचारलं.

"वाईट," ती लगेच म्हणाली. "फार वाईट आहे पाणी."

बहुतेक लोखंड असणार पाण्यात. मग तर वीस लावणं धोक्याचंच. आजही दहाच घेतलं. आमची दुपार छान गेली. आईने आम्हा दोघींच्या वेण्या एकमेकींत गुंफून आम्हाला भांडण मिटेपर्यंत तसंच बसवलं होतं, ती गोष्ट निघाली. ताई म्हणते भांडण मिटलंच नाही, आई कंटाळली.

१४ फेब्रुवारी

नळवाल्याला बोलावलं. आधी ताईच्या घरी पाठवलं, मग पार्लरमध्ये. त्याने दोन्हीकडचे नळ उघडून पाहिले, बाटलीत पाणी धरून उजेडात धरलं आणि म्हणाला, "पाणी स्वच्छ आहे. पाइपही ठणठणीत आहेत, तुमच्या-माझ्यापेक्षा तरुण."

तरी मी नळाला गाळणी बसवून घेतली. दोन नंबर आरसा पुसत पुसत म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

३ मार्च

तिसरी बैठक. पुन्हा तेच. मागे, मानेच्या वर, केस ठिपक्याठिपक्यांनी काळे, पुढे एकसारखे. पाण्यातलं लोखंड असं फक्त मागेच ठिपके कसं पाडेल? पावडरचा नवा डबा फोडला. डेव्हलपरची बाटलीही नवी, दहाची.

ताई आता मधल्या वारीही येते. कधी डबा घेऊन, कधी नुसतीच, "केस दाखवायला". कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारते. काल एका मुलीला तिने सोनेरीचं खूळ सोडायला लावून मधाळ तपकिरीवर आणलं. मुलगी खूश झाली. माझ्यापेक्षा ताईची नजर अजूनही चांगली आहे. लग्न झाल्यावर तिने हे काम सोडलं नसतं तर पार्लरच्या पाटीवर दोन नावं असती. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "आणि रोज दोन भांडणं." पण मग बराच वेळ पाटीकडे बघत होती.

भाच्याने विचारलं, अजून किती? मी म्हटलं, एप्रिल तरी उजाडेल. मे सुद्धा. ताई शेजारीच होती. तिने मान डोलावली, डॉक्टरने सांगितल्यासारखी.

१८ मार्च

नीट लिहायला हवं.

ताई तिचा चष्मा पार्लरमध्ये विसरली होती. दुपारी गर्दी नव्हती म्हणून तिच्या घरी नेऊन द्यायला गेले. दार नुसतंच लोटलेलं होतं. हाक मारली, उत्तर आलं नाही, नळ चालू होता. मी आत गेले तर ताई न्हाणीघराच्या आरशासमोर उभी. खांद्यावर जुना टॉवेल, डाव्या हातात वाटी, उजव्या हातात ब्रश. वाटीत काळा.

तिने मला आरशात पाहिलं. मी तिला.

आधी माझ्या नाकाने काम केलं. उग्र वास नव्हता. म्हणजे पेरॉक्साइडशिवायचा, वरवर बसणारा रंग घेतला होता, चार वेळा धुतलं की निघून जाणारा. केसाला धक्का नाही. लबाडी करतानासुद्धा बाईंची शिष्या.

मग मला सगळं एकदम कळलं. काळं पाणी, मळकट मुळं, मागचे ठिपके. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर नळवालाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. मागे तिचा हात पोहोचत नव्हता आणि फारच वाईट लागलं होतं, काही ठिकाणी घट्ट, काही ठिकाणी नुसतं पुसल्यासारखं. ते मला बघवेना. मी चष्मा फळीवर ठेवला, तिच्या हातातून ब्रश घेतला, भांग पाडला आणि मागचं नीट करून दिलं.

नंतर चहा प्यायलो. हवा गरम व्हायला लागली आहे असं ती म्हणाली. मी हो म्हटलं. घरी आल्यावर पाहिलं तर माझ्या बाहीला काळा लागला होता.

२४ मार्च

आज सोमवार. ताई ठरल्यासारखी आली, खुर्चीत बसली आणि स्वतःच विषय काढला.

"विचारणार नाहीस?"

"काय विचारू? पाणी वाईट आहे तुमच्याकडे."

ती हसली नाही. म्हणाली, "मी तरी एकटीच चोर आहे का? तू मला दहा लावतेयस."

"तुझे केस नाजूक..."

"ठमे. मी या धंद्यात तुझ्या आधी आले. वीस डोक्यावर असलं की टाळूला चुणचुण लागते, डोळे मिटून कळतं मला. पहिल्याच दिवशी कळलं. मनात म्हटलं, ही वेळ काढतेय. मग मीही काढला. चोरावर मोर."

मी काही मुद्दाम करत नव्हते. असं मी तिला सांगितलं आणि इथेही लिहिते आहे. पण चाचणीची ती बट मी टाकून न देता ड्रॉवरमध्ये ठेवली होती. तिने ड्रॉवर उघडून ती काढली आणि माझ्यासमोर धरली. वीसची अर्धी गाजरी, धडधाकट.

"जायचं नव्हतं तर सरळ मुलाला नाही म्हणायचंस," मी म्हटलं. आवाज चढला माझा. "माझ्याकडून अडीच महिने पाइप कशाला तपासून घेतलेस?"

"जायचं आहे की नाही तेच ठरत नव्हतं. आणि तू एक शब्द बोलेनास."

"मी काय बोलणार? तुझा मुलगा, तुझं घर."

"मी म्हटलं कायमची चालले. तू म्हणालीस बरं. नुसतं बरं! गिऱ्हाईक म्हणालं पुढच्या महिन्यात येते, तर तू जसं म्हणतेस तसं."

मला खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं. तिच्या खुर्चीच्या मागे मी उभी होते. समोर आरसा होता, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

ती थांबली होती, म्हणून मी बोलत राहिले. म्हटलं, सोमवारी मी काय करू? फॉइल कोण कापून देणार? बाईंचं नाव काढलं तर कोण हसणार? आईच्या हातच्या वेण्या कशा ओढल्या जायच्या ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे आता? तू गेलीस की मी कुणाचीच ठमी राहणार नाही, इथली मालकीणबाई तेवढी राहीन. जाऊ नकोस, ताई. मला तू हवी आहेस.

तिने खांद्यावरच्या टॉवेलचं टोक डोळ्यांना लावलं. मीही दुसरं टोक घेतलं. पार्लर बंद होतं ते बरं.

मग ती म्हणाली, "जाणार आहे मी."

"एवढं सगळं बोलून घेतलंस आणि..."

"दर रविवारी तो फोन ठेवायच्या आधी थांबतो. काही बोलत नाही, नुसता थांबतो. त्याच्या बापासारखाच आहे, दहा. मागणार नाही. त्याच्यासाठी जायला हवं. पण तुझं 'बरं' ऐकून जायचं नव्हतं मला."

थोड्या वेळाने तिने माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, "चल, शांपूने आधी हा काळा धू. आणि आज वीस कालव."

वीस कालवलं. फॉइल तिने कापून दिल्या.

१४ एप्रिल

दुसऱ्यांदा वीस. मुळाशी स्वच्छ पांढरं आलं आहे. बाकीचे फिकट पिवळे, केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे. याच्यापुढे न्यायचे नसतात, इथून पुढे टोनरचं काम. केस शाबूत आहेत. दोन नंबरने हात लावून पाहिला आणि एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्यासाठी हे फार झालं.

ताईने काल तिकीट काढलं.

५ मे

शेवटची बैठक. टोनर जांभळा, आणि त्यात दहा. आज दहाच बरोबर. उचलायचं काही नव्हतं, नुसता रंग बसवायचा होता. कालवताना ताईने मान वळवून वाटीत बघितलं, जांभळाच आहे ना याची खात्री केली आणि मग निवांत झाली.

बेसिनवर लावला. ती बोलता बोलता झोपली. प्रवासाच्या बांधाबांधीने दमली आहे. मी तिच्या डोक्याशी स्टुलावर बसून रंग बघत राहिले. टोनरचं असं असतं की तो बघताबघता बदलतो. आधी पिवळा मरतो, मग केस मोत्यासारखे होतात, मग चांदी येते, आणि तेव्हाही कुणी धुतला नाही तर जांभळट व्हायला लागतात. जांभळट झाले की काही दिवस थांबावं लागतं, ते उतरवावं लागतं, पुन्हा एक बैठक. तिकीट पुढे ढकलावं लागलं असतं. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या आणि ऐकलं असतं.

चांदी आली. इतकी सुंदर चांदी माझ्या हातून कधी झाली नव्हती. तिचं कपाळ, कान, मिटलेले डोळे, सगळं त्यात उजळ दिसत होतं. मला वाटलं आणखी थोडा वेळ असंच बसावं. तिला कळलं नसतं. दोन नंबर बाहेर गेली होती.

मी उठले, नळ उघडला. पाणी मनगटावर पाहिलं, कोमट होतं. ताईच्या कानावर हात धरला आणि टोनर धुऊन टाकला.